नाचाचा लातूर पॅटर्न

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कृषी सेवा केंद्र आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावर डान्सचा क्लास. खाली खताची पोती, तणनाशकांचे बोर्ड, सोयाबीनच्या बियाण्याची चौकशी करणारे शेतकरी. वर भिंतभर आरसा आणि कोपऱ्यात कंबरेएवढा स्पीकर. जिन्यात फवारणीच्या औषधाचा वास येतो आणि दार उघडलं की हेअर स्प्रेचा. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी मी तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, कारण माझ्या एका विद्यार्थिनीने हट्टाने बोलावलं होतं. पोरगी अकरावीत आहे, तीन वर्षं लॅटिन डान्स शिकतेय, घरी शोकेसमध्ये दोन मेडल आहेत. तिला चा-चा-चा करून दाखवायचा होता.

नाच देखणा होता, त्यात वाद नाही. पाय टाकताना गुडघा ताठ, मान वळायची ती एका झटक्यात, आणि शेवटच्या गिरकीनंतर ती जिथे थांबली तिथून बोटभरही हलली नाही. टाळ्या झाल्या. सरांनी फोन उचलायच्या आत पुढचं गाणं सुरू झालं. तेही चा-चा-चाच, वेगही जवळपास तोच. मी म्हटलं, "थांबू नकोस, नाच की!" ती आरशासमोर तशीच उभी. म्हणाली, "मॅडम, हे आमचं गाणं नाही."

मी लातुरात फिजिक्स शिकवते. हे वाक्य मी बारा वर्षं वेगवेगळ्या रूपांत ऐकत आलेय. हा प्रश्न शीटमध्ये नव्हता. हे आपल्याला आहे का? असं उलटं विचारलं तर काय करायचं? आमच्या गावाने राज्याला एक पॅटर्न दिला, त्या पॅटर्नने शेतमजुरांची पोरं डॉक्टर झाली, माझंही घर त्यावर चालतं. त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण नाच या एकाच गोष्टीला हा पॅटर्न लागू नये असं मला वाटायचं, आणि तो तर केव्हाच लागला होता.

हे आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. माझ्या ओळखीची काही कॉलेजची मुलं युवक महोत्सवात लॅटिन नृत्याची वेगळी स्पर्धा असावी, असं निवेदन द्यायच्या तयारीत आहेत. त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. विद्यापीठांच्या महोत्सवात पाश्चात्य गायन चालतं, पाश्चात्य समूहगान चालतं, पाश्चात्य वाद्यवादन चालतं. नाचाची पाळी आली की मात्र लोकनृत्य आणि शास्त्रीय. गिटार चालते आणि सालसा चालत नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? निवेदनावर मीही सही करावी म्हणून मुलं घरी आली होती. मी चहा दिला, सही दिली नाही. या मुलांनी स्पर्धा मागू नये, मोकळी फरशी मागावी, असं माझं म्हणणं आहे. ते चहाच्या वेळात नीट सांगता आलं नाही.

चा-चा-चाचीच गोष्ट घ्या. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला क्युबाची राजधानी हवानात एनरिके होरिन नावाचा व्हायोलिनवादक नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा. त्याच्या लक्षात आलं की मांबो या तिथल्या नाचाच्या आडव्यातिडव्या ठेक्यांवर साध्या लोकांचे पाय अडखळतात. त्याने लोकांना दोष दिला नाही, चाल सोपी केली. ठोका असा ठेवला की कामावरून आलेल्या माणसालाही तो पायाने पकडता यावा. लोक नाचू लागले, तीन झटपट पावलांत त्यांचे बूट फरशीवर घासले जाऊ लागले, आणि त्या आवाजावरून नाव पडलं. म्हणजे या नाचाचा जन्मच मुळी नाचणाऱ्यांच्या चुकांतून झाला. चुकणाऱ्याचे मार्क कापायच्या ऐवजी तिथे गाणं बदललं गेलं. आणि आज त्याच नाचात आमची पोरगी गाणं बदललं म्हणून थांबते.

मधल्या काळात काय झालं, तर क्युबाचे हे नाच लंडनला गेले. तिथे पिअर नावाचे एक नृत्यशिक्षक होते, मूळचे फ्रान्सकडचे. १९४७ मध्ये ते हवानाला जाऊन आले, लोक खरंच कसे नाचतात ते पाहिलं, आणि परतल्यावर आपल्या सहकारी डोरिस लव्हेल यांच्यासह इंग्रज शिक्षकांना सांगू लागले की तुम्ही रुम्बा म्हणून जे शिकवताय ते चूक आहे. यावर इंग्लंडमध्ये कित्येक वर्षं भांडण चाललं. खरा रुम्बा कुठला यावर इंग्रज माणसं हातघाईला येतात, हे चित्र मला भारी आवडतं. शेवटी पिअर यांची बाजू वर आली आणि पावलापावलाचा अभ्यासक्रम तयार झाला. लंडनच्या इम्पिरियल सोसायटीसारख्या १९०४ पासूनच्या संस्थांकडे परीक्षांची घडी होतीच; त्यात हे नाच बसले. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड. आमच्या टेस्ट सिरीजपेक्षा फार वेगळं नाही.

आज जगभर स्पर्धेत 'लॅटिन' म्हणून पाच नाच असतात: साम्बा, चा-चा-चा, रुम्बा, पासो दोब्ले आणि जाइव्ह. यातला पासो दोब्ले बैलझुंजीवर बेतलेला, स्पेन-फ्रान्सचा. जाइव्ह अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या स्विंगमधून आला आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांबरोबर युरोपात पोचला. राहिले तीन. त्यातल्या रुम्ब्याची गंमत तर अशी की क्युबात ज्याला रुम्बा म्हणतात तो ढोल आणि गाण्याचा, वाड्याच्या चौकात आणि गोदीवर वाढलेला वेगळाच नाच आहे. २०१६ मध्ये युनेस्कोने मान्यता दिली ती त्याला. स्पर्धेतला संथ, प्रेमार्त रुम्बा हा बोलेरो आणि सोन या दुसऱ्याच नाचांचा वंशज. साम्ब्याचंही तेच. रिओच्या रस्त्यावरच्या माणसाला स्पर्धेतला साम्बा दाखवला तर तो नम्रपणे विचारेल, हे काय आहे?

याचा अर्थ लंडनवाल्यांनी नाच बिघडवला असा मी काढत नाही. त्यांनी वजन कुठल्या पायावर, नितंब कधी फिरतो, हात कुठून निघतो याचं जे शास्त्र बांधलं ते पाहून माझ्यातल्या फिजिक्सवालीला आनंदच होतो. आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलला १९२० पासून नृत्य महोत्सव भरतो, तिथे समोर बसलेला वाद्यवृंद वाजवतो. कुठलं गाणं वाजणार हे जोडीला माहीत नसतं. एकाच फरशीवर डझनभर जोड्या एकदम नाचतात, पुरुषाच्या पाठीवर नंबर लावलेला, नाच जेमतेम दीड-दोन मिनिटांचा, आणि तेवढ्यात दुसऱ्याला धक्का न लावता वाट काढायची. म्हणजे अस्सल स्पर्धेतसुद्धा मूळ नाचाची दोन हाडं शिल्लक आहेत: गाणं अनोळखी आणि फरशी सगळ्यांची. आपण स्पर्धा आणताना तीही काढून टाकली. आपल्याकडे स्टेज, एकच गाणं, तेही कापून जोडलेलं, समोर परीक्षक, मागे एलईडी. नक्कल करताना आपण मूळ उत्तरपत्रिकेतल्या नेमक्या रिकाम्या जागा उतरवल्या.

जाता जाता एक. युरोपातले लॅटिनचे स्पर्धक फरशीवर उतरायच्या आधी अंगाला तपकिरी रंग फासतात, उन्हात रापल्यासारखं दिसावं म्हणून. आमच्या पोरींना त्याच नाचासाठी गोरं करणारं फाउंडेशन थापलं जातं. आणि मराठवाड्याचं ऊन मधल्या मध्ये फुकट जातं.

पालकांना मी दोष देत नाही. नाचणारी मुलगी हा आपल्याकडे साधा विषय नाही. लावणीचं आपण काय केलं ते आठवा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये डॉक्टरांची मुलगी नऊवारी नेसून लावणी करते, आजी दृष्ट काढते. माळेगावच्या यात्रेत लावणी महोत्सव होतो, पुढारी फेटे बांधून पहिल्या रांगेत बसतात. पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती कला पोटाशी धरली त्या बायांच्या मुलांना शाळेत वडिलांचं नाव विचारलं की वर्ग अजून हसतो. स्टेजने कला धुऊन घेतली, बायका होत्या तिथेच राहिल्या. त्यात 'डान्स' या शब्दाला २००५ च्या डान्स बार बंदीपासून जो वास चिकटलाय तो न्यायालयांच्या निकालांनीही गेलेला नाही. अशा ठिकाणी बाप मुलीला सालसा शिकायला पाठवतो, तर त्याला हातात काहीतरी कागद लागतो. सर्टिफिकेट असलं की तो नाच 'ॲक्टिव्हिटी' होतो. मग पुढचे प्रश्न ओघाने येतात: ऑलिम्पिकमध्ये आहे का? नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणात बसतं का? (नाचाच्या जागतिक महासंघाला ऑलिम्पिक समितीची मान्यता १९९७ पासून आहे, पण पदकाच्या यादीत गेलं ते ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स, तेही २०२४ च्या पॅरिसपुरतं. लॅटिन नाही.) मेडलमुळे मुलीला घराबाहेर पडता आलं, हे मेडलचं पुण्य मी मान्य करते. माझी ती अकरावीतली पोरगी मेडलशिवाय केव्हाच घरी बसली असती.

पण त्या पुण्याची किंमत काय पडली तेही पाहा. त्या क्लासमध्ये मुलींची बॅच सकाळी आणि मुलांची संध्याकाळी. दोघांनी नाचायचा नाच दोन पाळ्यांत शिकवतात! मुलीच मुलींबरोबर सराव करतात, आणि स्पर्धेच्या आधी आठ दिवस एखाद्या चुलत भावाला पकडून आणतात. मुलींनी मुलींबरोबर नाचण्यात वावगं काही नाही. ब्यूनस आयर्समध्ये टँगोचा सराव पुरुष पुरुषांबरोबरच करत आले, आणि त्याने त्यांचा हात तयार झाला. पण त्यांना शेवटी जायचं होतं ते अनोळखी बाईसमोर उभं राहून विचारायला. आमच्या पोरींना जायचंय परीक्षकांसमोर.

पुण्यात नोकरीला होते तेव्हा मी सालसा शिकले. शिकले म्हणजे काय, रविवारी संध्याकाळी एका रेस्टॉरंटच्या गच्चीवर लोक जमायचे तिथे जाऊ लागले. सुरुवातीचे दोन महिने भिंतीला टेकून उभी. आठ मात्रा, त्यातल्या सहांवर पाऊल, चौथी आणि आठवी मोकळी, एवढं गणित डोक्यात. पायात काहीच नाही. तिथला रिवाज साधा होता. कुणी येऊन हात पुढे करायचा. मनात असेल तर जायचं, नसेल तर "आत्ता नको" म्हणायचं. गाणं चार-पाच मिनिटांचं. संपलं की "थँक्यू", आणि दोघं दोन दिशांना. पुढच्या गाण्याला दुसरा जोडीदार. एका संध्याकाळी मी एका गृहस्थाला नको म्हटलं. लातूरच्या सवयीने लगेच पर्स सावरली, जिना कुठे आहे बघितलं, आता हा काही बोलेल म्हणून मनातल्या मनात उत्तर तयार केलं. त्याने "ओके" म्हटलं आणि शेजारच्या बाईला विचारलं. ती गेली. दोघं मस्त नाचले. मी आयुष्यात पहिल्यांदा पुरुषाला नाही म्हटलं होतं आणि काहीही घडलं नव्हतं.

आमच्याकडच्या मुलाला 'नाही' ऐकायची पहिली वेळ कधी येते? मुलीला चिठ्ठी दिल्यावर, नाहीतर स्थळ बघायला गेल्यावर. म्हणजे थेट अंतिम परीक्षा, मधे एकही सराव चाचणी नाही. नकार हा त्याच्यासाठी अब्रूचा प्रश्न होतो, मित्रांत तोंड दाखवायचा प्रश्न होतो. एकतर्फी प्रेमाच्या मथळ्याखाली येणाऱ्या बातम्या आपण वाचतो आणि कायदा कडक करा म्हणतो. करा. पण ज्या मुलाला एका संध्याकाळात सहा जणींनी हो आणि तीन जणींनी नको म्हटलंय, आणि नवव्या वेळेलाही पाय शाबूत आहेत, तो मुलगा वेगळा असतो. हे मी पाहिलंय. मुलीही वेगळ्या होतात. "नको" हा शब्द हसून, कारण न देता, मान खाली न घालता म्हणायची सवय जिभेला लावून घ्यावी लागते. समुपदेशनाच्या व्याख्यानात ती लागत नाही. स्टेजवरच्या स्पर्धेत तर हा भाग येतच नाही, कारण तिथे जोडीदार सरांनी ठरवलेला असतो.

आणि आडनाव. पुण्याच्या त्या गच्चीवर मी दोन वर्षं ज्याच्याबरोबर सगळ्यात छान नाचले त्याचं आडनाव मला माहीत नाही. लातुरात हे अशक्य आहे. इथे "नाव काय" नंतर "पूर्ण नाव?" येतं, आणि पूर्ण नावात भागलं नाही तर "पाहुणे कुठले?" गेल्या काही वर्षांत तर मराठवाड्यातल्या कित्येक गावांत चहा कुणाच्या टपरीवर प्यायचा आणि केस कुणाकडे कापायचे हेसुद्धा आडनाव बघून ठरायला लागलं, असं माझेच विद्यार्थी सुट्टीवरून आल्यावर सांगतात. वर्गात बाकं सुद्धा हळूहळू तशी भरतात. मी ती मोडते, दुसऱ्या दिवशी परत तशीच. यावर नाच हा उपाय आहे असं म्हटलं तर लोक हसतील, आणि बरोबर हसतील. पण इतिहास एवढा हसण्यावारी नेता येत नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९२६ मध्ये सॅव्हॉय बॉलरूम उघडलं. देशात ठिकठिकाणी काळ्या-गोऱ्यांच्या बसायच्या जागा वेगळ्या असताना तिथे दोघं एका फरशीवर नाचत होते. त्याच शहरातल्या पॅलेडियम या नाचघरात मांबोच्या दिवसांत पोर्तो रिकोचे, क्युबाचे, ज्यू, इटालियन, कृष्णवर्णीय एकत्र यायचे. बाहेर पडल्यावर वंशभेद होताच. पण निदान त्या चार तासांपुरता चांगल्या नाचणाऱ्याला भाव होता, आणि तो भाव वंशावर ठरत नव्हता. पुढे त्याच शहरात सालसा आकाराला आला. १९६४ मध्ये जॉनी पाचेको या डोमिनिकन वादकाने आणि जेरी मासुची या इटालियन वंशाच्या वकिलाने मिळून काढलेल्या फानिया या रेकॉर्ड कंपनीने तो जगभर नेला. एका पाहुण्यातलं काहीच नव्हतं त्यात.

आता "हे आपल्या संस्कृतीत नाही" हा मुद्दा. याला उत्तर द्यायला मला क्युबाला जावं लागत नाही. शेगावची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते तेव्हा रस्त्यावर उभं राहून पाहावं. दिंडी विसावली की फुगड्या सुरू होतात. साठीची बाई समोरच्या अनोळखी माणसाकडे हात करते, "या माउली", आणि दोघं हातांची अढी घालून मागे झुकतात. पुढारी आणि अधिकारी फुगडी खेळतानाचे फोटो तर दरवर्षी छापून येतात. फुगडी हा जोडीचा नाच आहे, आणि चांगलाच अवघड. दोघांनी एकमेकांच्या भरवशावर तोल मागे टाकायचा. वजन सारखं लागत नाही, जड माणूस मध्याजवळ राहतो आणि हलका लांबून फिरतो. वेग वाढला की हाताला ओढ वाढते. एकाने घाबरून कोपर वाकवलं की दोघांची लय जाते. सालसाचे शिक्षक ज्याला 'कनेक्शन' म्हणतात आणि तीन-तीन महिने शिकवतात, ते आमच्या आत्याला येतं. पायात चप्पल न घालता येतं. तांड्यावर होळीला डफ वाजला की लेंगीचा फेर धरतात, तिथेही कोण चुकलं याची नोंद ठेवायला कुणी बसलेलं नसतं.

मान्य, फुगडी म्हणजे सालसा नव्हे. तिथे देवाचं नाव आहे, इथे नाही. तिथे हात आहेत, इथे खांद्यावर हात येतो. बचाता हा आणखी एक लॅटिन नाच तर अगदी जवळून नाचतात, आणि हल्ली इंटरनेटवर बचाता म्हणून जे दिसतं ते मंगल कार्यालयात आणायची माझी स्वतःचीही छाती नाही. गंमत म्हणजे बचाताला त्याच्या मायदेशी, डोमिनिकन रिपब्लिकमध्ये, कित्येक वर्षं आपल्या तमाशासारखीच वागणूक होती: गुत्त्यात वाजणारं, गरिबांचं, रडगाणं. १९९०च्या सुमाराला हुआन लुईस गेर्राने ते गायलं तेव्हा दिवाणखान्यांत शिरलं, आणि २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत. पण आपल्याला सुरुवात तिथून करायची गरजच नाही. चा-चा-चा आणि सालसा हातभर अंतर ठेवून, फक्त बोटांत बोटं अडकवून उत्तम नाचता येतात.

खरी अडचण जागेची आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही शहरातली सार्वजनिक सभागृहं आठवा. सगळी बसायची. खुर्च्या जमिनीला बोल्टने आवळलेल्या, तोंडं स्टेजकडे. म्हणजे चार माणसांनी करायचं आणि चारशेंनी बघायचं, हे इमारत बांधतानाच ठरून गेलं. नाचायला उरतो तो रस्ता. तिथे डीजेपुढे पुरुष नाचतात, हळदीत आतल्या खोलीत बायका. सगळा गाव नाचतो, पण कुणी कुणाबरोबर नाचत नाही. म्हणून त्या निवेदनात मुलांनी पालिकेकडे आणि विद्यापीठाकडे एवढंच मागावं: आठवड्यातून एक संध्याकाळ, एक सपाट फरशी, दोन पंखे, स्पीकर दहाच्या आत बंद. आणि युवक महोत्सवात एक रात्र अशी की जिचा निकाल लागत नाही. परीक्षकांनाही नाचायला उतरवावं. लॅटिन नृत्याची स्पर्धा हवीच असेल तर ती दहा वर्षांनी घ्या, तोवर नाचणारे तरी तयार झालेले असतील.

सुरुवात कशी करावी, यावरही क्युबाकडे उत्तर आहे. १९५०च्या दशकात हवानातल्या कसिनो देपोर्तिवो या क्लबात जोड्या गोल उभ्या राहून नाचू लागल्या. त्याला रुएदा म्हणतात, म्हणजे चाक. एकजण मोठ्याने पुकारा करतो आणि सगळ्या जोड्या एकदम तो प्रकार करतात. "दामे!" म्हणजे "मला दे", की सगळ्यांनी शेजारचा जोडीदार घ्यायचा. दहा मिनिटांत प्रत्येकजण प्रत्येकाबरोबर नाचून जातो. कोपऱ्यात कुणी जोडी करून बसत नाही, कुणाला कुणापुढे जाऊन विचारायची धडधड नाही, आणि आयाबाया भोवती खुर्च्या टाकून सगळं बघू शकतात. आपल्या फेराला चाकं लावली म्हणा. यातल्या अगदी पहिल्या दिवशी शिकवायच्या प्रकाराचं नाव आहे "दिले के नो". अर्थ, "नाही म्हणून सांग".

मागच्या पौषात आम्ही अकराजणांनी हे करून पाहिलं. पौषात मुहूर्त नसतात, कार्यालयं रिकामी असतात, भाडं निम्म्यावर येतं. आमच्या भागातल्या एका मंगल कार्यालयाचा मॅनेजर पावतीबुक घेऊन बसला. "कार्यक्रम कोणता?" मी म्हटलं, नाच. त्याने पेन खाली ठेवलं. "ऑर्केस्ट्रा?" नाही. "बाया बाहेरून येणार?" नाही, आम्हीच नाचणार. "मग बघायला कोण येणार?" कुणीच नाही, हे सांगितल्यावर त्याला माझ्याविषयी काळजी वाटू लागली असावी. मी त्याच्या भाचीला शिकवते म्हणून काम झालं. पावतीवर वराचं नाव आणि वधूचं नाव असे दोन रकाने छापलेले होते. त्याने बराच विचार करून दोन्हीवर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'सामूहिक'.

अकरापैकी चौघं पुरुष होते, म्हणून तीन मुली आळीपाळीने पुरुषाच्या जागी उभ्या राहिल्या आणि बाकीच्यांपेक्षा चांगल्या नाचल्या. शहाबादी फरशीवर बूट सरकत नव्हते. कुणीतरी टाल्कम पावडर टाकली आणि मग एकजण आपटला. पंखा चालू केला तर पावडर उडाली. ती अकरावीतली पोरगी आईला घेऊन आली होती. पहिल्या गाण्याला ती सवयीने आरसा शोधत होती, भिंतीवर गणपतीची फ्रेम आणि 'चपला बाहेर काढा' याशिवाय काही नव्हतं. तिसऱ्या "दामे"ला ती चुकून उलट्या बाजूला वळली आणि एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाच्या अंगावर आदळली. दोघं हसले, चक्र तोवर पुढे गेलेलं, त्यांनी धावत आपली जागा पकडली. घरी जाताना तिच्या आईने विचारलं, "मग बक्षीस कुनाला देलाव तुमी?"

मी सांगितलं कुणालाच नाही. त्या म्हणाल्या, "मग पुढल्या बारीला मी बी येते. फुगडी येती मला."